स्टेअरिंग अंगात आल्यासारखं हादरतं तेव्हा: हेवी ड्यूटी पिकअपमधला दोष क्रमाने कसा शोधायचा

हायवेवर साठ मैलांचा वेग असतो. पुलावरचा काँक्रीटचा सांधा येतो, एक चाक त्यावरून धप्पकन जातं आणि पुढच्याच क्षणी स्टेअरिंग अंगात आल्यासारखं डावी-उजवीकडे आपटायला लागतं. घट्ट धरलं तरी थांबत नाही, डॅशबोर्डसुद्धा खडखडतो. वेग बराच उतरला की आपोआप शांत होतं, जणू काही झालंच नव्हतं. अमेरिकेतले मेकॅनिक याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. नाव भडक वाटतं, पण ज्याने एकदा अनुभवलंय तो त्यावर वाद घालत नाही.

टेक्सासमध्ये ट्रेलर ओढण्यासाठी मोठा पिकअप घेतलेल्या आपल्या मंडळींचे या तक्रारीसाठी मला फोन येत असतात. फोन करेपर्यंत बहुतेकांची तीन कामं करून झालेली असतात: चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवा स्टेअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टेअरिंगचे धक्के शोषणारा शॉक. महिनाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. त्या कामांत वाईट काही नाही, पण ती दोष सापडण्याआधी केलेली असतात. म्हणून हा लेख दुरुस्तीवर कमी आणि शोधण्यावर जास्त आहे. एकच नियम शेवटपर्यंत पाळा: कुठला सांधा सैल आहे हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

गाडी चालवताना सुरू झालं तर: स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण अंगठे आत अडकवू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. ब्रेक जोरात मारू नका, हलका दाब देत वेग उतरू द्या, हझार्ड लाइट लावा आणि गाडी शोल्डरवर घ्या. चाकांचे नट जागेवर आहेत का आणि खाली काही लोंबकळतंय का, ते आधी बघा. काही तुटलेलं दिसलं तर टो ट्रक बोलवा. आणि एकदा हे झालं की तपासणी होईपर्यंत त्या गाडीला ट्रेलर जोडायचा नाही.

## १. पुढचा एक्सल कोणत्या प्रकारचा आहे, ते ठरवा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात.

समोरून खाली वाकून बघा. डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी नळी आणि मध्ये डिफरन्शियलचा गोळा दिसला, तर तो सलग एक्सल. फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५० सुपर ड्यूटीचे फोर-बाय-फोर आणि रॅम २५००, ३५०० चे फोर-बाय-फोर असे असतात. खरा डेथ वॉबल होतो तो या गाड्यांत, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसलेली असतात आणि एकाचं हेलकावणं दुसऱ्याला लगेच लागतं.

शेव्हरोले सिल्व्हराडो २५०० एचडी आणि जीएमसीच्या त्याच वर्गातल्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकांचं सस्पेन्शन वेगळं असतं. त्यांत ट्रॅक बार, म्हणजे एक्सलला फ्रेमखाली मध्यावर धरणारा आडवा दांडा, नसतो, त्यामुळे पायरी ६ सोडून द्या आणि पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा), त्याच्या जोडीचा आयडलर आर्म, आतले टाय रॉड (चाकं वळवणारे दांडे) यांवर जास्त वेळ द्या. सुपर ड्यूटीच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत ट्विन आय-बीम असतो, तिथेही ट्रॅक बार शोधत बसू नका.

फोर्ड फोर-बाय-फोरबद्दल एक गोष्ट माहीत हवी. २००५ पासून पुढे कॉइल स्प्रिंग, रेडियस आर्म (एक्सलला पुढे-मागे सरकू न देणारे दांडे) आणि ट्रॅक बार आहेत, त्याआधीच्या १९९९ ते २००४ च्या गाड्यांत पुढे लीफ स्प्रिंग होत्या. इंटरनेटवरचा सल्ला वाचताना तो कोणत्या वर्षाच्या गाडीचा आहे, ते आधी बघा.

## २. हादरा कोणत्या जातीचा आहे, ते ओळखा

‘स्टेअरिंग हलतं’ या दोन शब्दांत निदान तीन वेगळे दोष लपलेले असतात. गाडी उचलायच्या आधी ते वेगळे करा.

बारीक, एकसारखी थरथर: ठरावीक वेगाला, म्हणजे बहुधा पंचावन्न ते सत्तर मैलांच्या पट्ट्यात येते, वेग बदलला की कमी-जास्त होते. खड्डा लागो न लागो, रस्ता गुळगुळीत असला तरी येते. हे चाकाचं किंवा टायरचं दुखणं. २७५/७० आर १८ मापाचा टायर साठ मैलांच्या वेगात सेकंदाला साधारण दहा वेळा फिरतो, म्हणजे त्यावर एका जागी जड भाग असेल तर हाताला सेकंदाला दहा ठोके बसतात. थरथर फिरण्याच्या लयीत असते, ती यामुळे.

फक्त ब्रेक दाबल्यावर येणारा हादरा: साठवरून चाळीसवर हलक्या ब्रेकने या. पायाखाली पॅडलही धडधडत असेल तर डिस्क, कॅलिपरच्या पिना आणि चाकांचे नट तपासा. एकाच बाजूचा रिम हात लावता येणार नाही इतका तापत असेल तर त्या बाजूचा कॅलिपर अडकलाय. हा विषय इथेच संपतो, बाकीच्या लेखाची तुम्हाला गरज नाही.

खड्ड्याने सुरू होणारं, वाढत जाणारं, वेग उतरेपर्यंत न थांबणारं आपटणं: हा डेथ वॉबल. याला दोन गोष्टी लागतात: एक काडी लावणारी आणि एक आग पेटती ठेवणारी. काडी म्हणजे खड्डा, झिजलेला टायर, बॅलन्स बिघडलेलं चाक. आग पेटती ठेवतो तो सैल सांधा. टायर बदलला की काडी जाते म्हणून महिनाभर बरं वाटतं. सैल सांधा तिथेच असतो, पुढच्या काडीची वाट बघत.

> तपासा: हादरा कधी येतो, किती वेगाला, रिकाम्या गाडीत की ट्रेलरसकट, वळणावर की सरळ, हे सगळं कागदावर लिहा. गाडीची उंची वाढवणारं लिफ्ट किट किंवा लेव्हलिंग किट बसवल्यावर सुरू झालं का? टायर बदलल्यावर? एखादं काम झाल्यानंतर आठवडाभरात? या तारखा तुमचा निम्मा शोध वाचवतात.

## ३. तयारी

सपाट काँक्रीट हवं. खडीवर किंवा ड्राइव्हवेच्या उतारावर हे करू नका. या गाड्यांचं पुढचं वजनच इतकं असतं, डिझेल इंजिन असेल तर आणखी, की छोट्या गाडीचा जॅक आणि स्टँड इथे चालत नाहीत. सहा टनी स्टँडची जोडी घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा.

हत्यारं फार नाहीत: हवेचा गेज, उजेडासाठी चांगली बॅटरी (टॉर्च), तीन फुटी पहार, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा), पोलादी पट्टी, वायर ब्रश, पांढऱ्या रंगाचा मार्कर आणि एक माणूस. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. स्टेअरिंग फिरवायला कोणी नसेल तर पायरी ५ होत नाही, आणि पायरी ५ नसेल तर बाकी सगळे अंदाज.

गाडीच्या अंगाखाली साचलेला चिखल आदल्या दिवशी धुऊन घ्या. मात्र सांध्यांवर प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका. बोल्टभोवती साचलेली गंजाची भुकटी हा तुमचा पुरावा आहे, तो धुऊन जातो.

आणखी एक काम बसल्या बसल्या: गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या वेबसाइटवर टाका. रिकॉल बाकी असेल तर ते काम डीलर फुकट करून देतो. कंपनीने सर्व्हिस प्रोग्राम काढला असेल तर तो तिथे दिसेलच असं नाही, म्हणून डीलरलाही व्हीआयएन देऊन विचारा.

> सावध: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका. स्टँड लावा, गाडी त्यावर टेकवा, हाताने ढकलून बघा, मगच खाली जा.

## ४. चाकं आणि टायर, गाडी जमिनीवर असताना

थंड टायरमध्ये हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून घ्या. टायरच्या बाजूला छापलेला आकडा टायरच्या कमाल भाराचा असतो. ‘ई’ लोड रेंजच्या टायरवर बहुधा ८० पीएसआय लिहिलेलं असतं, ते बघून रिकाम्या गाडीच्या चारही चाकांत ८० भरणारे मला दर वर्षी भेटतात. टायर दगडासारखा होतो, प्रत्येक सांध्यावर उडी मारतो आणि वॉबलला रोज नवी काडी मिळते.

नंतर हात फिरवा. टायरच्या ट्रेडवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे. करवतीसारखे दात लागले किंवा एक खड्डा, एक उंचवटा अशी वाटीसारखी झीज लागली, तर हा टायर बऱ्याच दिवसांपासून उड्या मारतोय. उडी मारण्याचं कारण झिजलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर किंवा सैल सांधा असू शकतं. टायर हा इथे साक्षीदार आहे, गुन्हेगार ठरवायची घाई करू नका. बाजूला फुगवटा असेल तर मात्र प्रश्नच नाही, तो टायर काढा.

टायरचं वय बघा. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेड भरपूर, पण रबर दहा वर्षांचं, असे टायर कमी चालणाऱ्या गाड्यांत खूप सापडतात.

मग नट. या गाड्यांना चाकाला आठ नट असतात. फोर्डच्या एफ-२५०, एफ-३५० साठी टॉर्क १६५ फूट-पाउंड, दुसऱ्या गाडीसाठी तिच्या पुस्तकातला आकडा. इम्पॅक्ट गनने कोणी कमीजास्त आवळले असतील तर सगळे सैल करून, चांदणीच्या क्रमाने, टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. चाक काढलंच आहे तर हबचा चेहरा आणि रिमची मागची बाजू वायर ब्रशने घासा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की चाक वाकडं बसतं. रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला शेतातला चिखलही बघा, एवढ्याशा ढेकळाने बॅलन्स बिघडतो.

> तपासा: पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकून एक फेरी मारा. हादरा स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेला तर टायर किंवा रिम दोषी. हादरा स्टेअरिंगमध्येच राहिला तर पुढे चला.

## ५. ड्राय स्टेअर चाचणी

सगळ्या लेखातलं सगळ्यात मोलाचं काम हे, आणि लोक सर्रास चुकीचं करतात. चूक एकच: गाडी उचलून करतात. चाकं हवेत असली की सांध्यांवर भार येत नाही, चाकं सहज वळतात आणि सैल सांधा सैल दिसतच नाही. चाकं जमिनीवरच हवीत, गाडीचा पूर्ण भार त्यांच्यावर.

गाडी पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, मागे ठोकळे. इंजिन सुरू ठेवा, म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा जोर सांध्यांवर येतो. आतल्या माणसाला सांगा, घड्याळातल्या दहाच्या जागेपासून दोनच्या जागेपर्यंत, झटके देत, न थांबता फिरवत राहा. पूर्ण वळवायचं नाही, नुसतं मध्याच्या दोन्ही बाजूंना. तुम्ही समोरून, बंपरखालून बघा. सैल बाहीचा शर्ट नको, फॅनपासून लांब राहा, बोटं सांध्याच्या फटीत घालू नका.

काय बघायचं? जिथे दोन भाग जोडलेले आहेत तिथे ते एकदम हलले पाहिजेत. एक हलला आणि दुसरा क्षणभर थांबून मग हलला, की तोच सैल सांधा. क्रम वरून खाली ठेवा, म्हणजे नजर चुकत नाही:

१. स्टेअरिंगचा खालचा शाफ्ट फिरतो, त्याच क्षणी स्टेअरिंग बॉक्सच्या तोंडचा दांडा फिरतो का?

२. स्टेअरिंग बॉक्स स्वतः फ्रेमवर हलतो का? तीळभरही हलता कामा नये. फ्रेमला त्याच्या बोल्टजवळ तडा आहे का?

३. पिटमन आर्म आणि ड्रॅग लिंक (पिटमन आर्मचा जोर चाकांकडे नेणारा दांडा) यांचा सांधा.

४. ड्रॅग लिंकचं दुसरं टोक.

५. टाय रॉडची दोन्ही टोकं.

६. ट्रॅक बारची दोन्ही टोकं. याच्यासाठी पुढची पायरी पूर्ण दिली आहे.

७. रेडियस आर्म किंवा कंट्रोल आर्मचे बुश. रबर फाटून लोखंडाला लोखंड लागतंय का?

इथे एक फसगत होते. टाय रॉड स्वतःभोवती थोडा लोळतो, पोळी लाटताना लाटणं लोळतं तसा. हे लोळणं साधारणपणे दोष नसतो, त्याचे बॉल जॉइंट तेवढं वळण्यासाठीच बनवलेले असतात. दोष असतो सांध्यातला वर-खाली किंवा आत-बाहेरचा खुळखुळा. लोळणं बघून टाय रॉड बदलणारे बरेच भेटलेत. जुन्या रॅमची, म्हणजे २००३ ते २००८ च्या गाडीची जोडणी वाय आकाराची असते आणि सस्पेन्शन वर-खाली झालं की चाकांची टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलते. तिथे टाय रॉड झिजलाच असेल तर नंतरच्या गाड्यांतली टी आकाराची जोडणी पूर्ण बसवून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

> तपासा: प्रत्येक सांध्यासाठी आतल्या माणसाला निदान दहा झटके द्यायला लावा. पहिल्या दोन झटक्यांत डोळा बसत नाही. शक्य तर फोन स्टँडवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि आत जाऊन दोघांनी मिळून बघा.

## ६. ट्रॅक बार: इथे वेळ द्या

सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंगच्या गाडीत एक्सल फ्रेमच्या खाली बरोबर मध्यावर ठेवायचं काम एकट्या ट्रॅक बारचं असतं. त्याचं एक टोक फ्रेमला, दुसरं एक्सलला. या दोनांपैकी एक टोक केसभर सैल झालं की एक्सल गाडीखाली डावी-उजवीकडे सरकू शकतो. मग खड्डा लागल्यावर एक्सल सरकतो, चाकं वळतात, चाकं वळली की एक्सल उलटा सरकतो, आणि हे चक्र स्वतःच्याच जोरावर चालू राहतं. डेथ वॉबलची तक्रार आली की माझी पहिली नजर इथे जाते.

माझ्या स्वतःच्या ट्रकचं उदाहरण सांगतो, कारण त्याने मला सहा महिने दमवलं. ट्रॅक बार सैल वाटला म्हणून एका वर्कशॉपमध्ये नवा बसवून घेतला. सहा आठवड्यांत तीच गत. दुसरा नवा घेतला, तो मी स्वतः बसवला. पुन्हा तेच. शेवटी एका रविवारी बायकोला आत बसवलं आणि मी खाली झोपलो. बार हलताना दिसेना. चार-पाच मिनिटांनी ती आतून म्हणाली, “अहो, दर वेळी पायाखाली टक् असा आवाज येतोय, उजवीकडे वळवताना येत नाही, फक्त डावीकडे.” मग मी बारकडे बघायचं सोडून बारच्या फ्रेमकडच्या ब्रॅकेटवर बॅटरी धरली. बोल्टच्या डोक्याभोवती कोकणातल्या मातीसारखी तांबडी, बारीक भुकटी होती आणि वॉशरच्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा घासून लखलखत होती. बोल्ट काढला तेव्हा भोक गोल राहिलेलं नव्हतं, अंड्याच्या आकाराचं झालं होतं. दोन्ही नवे बार निर्दोष होते. बोल्ट त्या भोकात सरकत होता.

म्हणून ट्रॅक बार तपासताना चार गोष्टी वेगवेगळ्या बघा:

* बारचा बॉल जॉइंट. तळहात सांध्यावर असा ठेवा की अर्धा बारवर, अर्धा ब्रॅकेटवर येईल. आतल्या माणसाला हळू फिरवायला सांगा. डोळ्यांना न दिसणारा टक् हाताला लागतो.
* बुश. रबर गाभ्यापासून सुटलंय का? पहार घालून हलका ताण द्या. रबर थोडं दबणं ठीक, नळी भोकात सरकणं ठीक नाही.
* बोल्ट आणि भोक. तांबडी भुकटी, घासलेली चकाकी, बोल्टच्या डोक्याची हललेली जागा. पांढऱ्या मार्करने बोल्टपासून ब्रॅकेटवर सरळ रेघ ओढा आणि दहा झटक्यांनंतर बघा. रेघ तुटली तर बोल्ट हलतोय.
* ब्रॅकेट आणि वेल्डिंग. तडा गंजाच्या रेषेसारखा दिसतो. घासून बघा.

एक्सल सरकतोय का, याची खूण मापानेही घेता येते. पोलादी पट्टी फ्रेमला चिकटवून तिचं टोक एक्सलवरच्या एका खुणेसमोर आणा. स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवताना खूण पट्टीवर किती सरकते ते बघा. चांगल्या बुशचं रबर दबतं तेवढं हळू सरकणं चालतं. खटकन् उडी मारून सरकणं चालत नाही.

> सावध: भोक अंडाकृती झालं असेल तर जाड वॉशर आणि जास्त टॉर्क लावून भागवू नका. ब्रॅकेट बदला, किंवा जाणकार वेल्डरकडून योग्य मापाची पट्टी बसवून घ्या. हा सांधा गाडीचा पुढचा भाग जागेवर धरून ठेवतो.

## ७. आता गाडी उचला: बॉल जॉइंट आणि बेअरिंग

एक्सलच्या नळीखाली जॅक लावून चाक जमिनीपासून इंचभर उचला, स्टँड लावा.

हात बाराच्या आणि सहाच्या जागी ठेवून चाक हलवा. खुळखुळा लागला तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खुळखुळा गेला तर हब बेअरिंग सैल. राहिला तर बॉल जॉइंट. खात्रीसाठी चाकामागे बॅटरी धरा: डिस्क नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या, स्टेअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या) मानाने हलते तर बेअरिंग, अख्खं नकल एक्सलच्या टोकावर हलतं तर बॉल जॉइंट.

आता पहार टायरखाली घालून चाक वर उचलायचा प्रयत्न करा. खालच्या बॉल जॉइंटमधला उभा खुळखुळा असाच सापडतो, नुसतं हाताने हलवून तो लागत नाही. मर्यादा किती, हे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं.

तीन आणि नऊच्या जागी हात ठेवून हलवलं की टाय रॉड आणि स्टेअरिंग बॉक्सचा प्ले येतो, पण ते तुम्ही पायरी ५ मध्ये जास्त चांगलं बघितलेलं आहे. शेवटी चाक हाताने फिरवा आणि हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खरखरत असेल तर स्प्रिंगमधून हाताला कळतं.

## ८. स्टेअरिंग बॉक्स

खालचा शाफ्ट फिरतोय पण पिटमन आर्म काही अंश मागे राहून मग हलतोय, असं पायरी ५ मध्ये दिसलं असेल तर बॉक्सच्या आत झीज आहे. वर एक अ‍ॅडजस्टमेंट स्क्रू असतो आणि तो आवळण्याचा मोह सगळ्यांना होतो. गाडीवर बसवलेल्या बॉक्सचा स्क्रू अंदाजाने आवळू नका. मध्यावर जाम होतो, वळणावरून स्टेअरिंग सरळ परत येत नाही, आणि मग आजवर सैल असलेली गाडी अडकणारी होते.

## ९. उंची, कॅस्टर आणि मागचा भार

सगळे सांधे घट्ट निघाले तरच इकडे या.

लिफ्ट किट किंवा लेव्हलिंग किटने पुढची उंची वाढली की एक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. स्टेअरिंग हलकं, भरकटणारं होतं. त्याच वेळी ट्रॅक बार तिरका होऊन एक्सल एका बाजूला ओढला जातो. गाडीसमोर उभं राहून ट्रॅक बार आणि ड्रॅग लिंक समांतर आहेत का बघा. नसतील तर प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंग आपोआप थोडं वळतं, आणि काडी लावायला तेवढं पुरतं. किट बसवणाऱ्याने ट्रॅक बारची लांबी किंवा ब्रॅकेट बदलायला हवं होतं. स्वस्त किटमध्ये ते नसतं. कॅस्टर वाढवूनही वॉबल जातोच असं नाही, गरजेपेक्षा जास्त कॅस्टरने उलट बळावतो. आकडा अलाइनमेंटच्या मशीनवर घ्या आणि कंपनीच्या मर्यादेत ठेवा.

ट्रेलरच्या बाबतीत: मागे भार जास्त बसला की पुढची चाकं हलकी होतात. हादरा फक्त ट्रेलर लावल्यावर येत असेल तर ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर पुढच्या एक्सलचं वजन एकदा ट्रेलरसह, एकदा ट्रेलरशिवाय करून घ्या. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (ट्रेलरचा भार पुढच्या चाकांवरही वाटणारी जोडणी) बरोबर लावला नसेल तर तिथे लगेच कळतं.

## १०. दुरुस्तीचा क्रम

दोष सापडला, पार्ट आला. आता काम उलट क्रमाने करून लोक पुन्हा अडकतात. क्रम असा:

१. सैल सांधे आधी. एकाहून जास्त सापडले तर सगळे एकदम. एक बदलून ‘बघू’ म्हटलं की नवा सांधा जुन्याचे धक्के खातो.

२. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. हवेत लोंबणाऱ्या एक्सलवर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि काही महिन्यांत फाटतं. नवीन ट्रॅक बार लवकर गेला अशी तक्रार असेल तर आधी हेच विचारा. टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या आणि तुमचा पाना त्या आकड्यापर्यंत जातो का, ते आधी बघा.

३. मग टायर आणि बॅलन्सिंग. साध्या बॅलन्सिंगने थरथर गेली नाही तर रोड फोर्स बॅलन्सिंग मागा. त्यात टायरवर रोलरचा दाब देऊन त्याचा कडक भाग मोजतात.

४. मग अलाइनमेंट. सैल सांध्यांवर केलेल्या अलाइनमेंटचे आकडे गाडी रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरे असतात. अलाइनमेंटनंतरचा छापील कागद मागून घ्या आणि जपून ठेवा.

५. स्टेअरिंग डॅम्पर सगळ्यात शेवटी. जुना काढून हाताने दाबून-ओढून बघा: तेल गळत असेल किंवा मध्येच पोकळ जागा लागत असेल तर बदला. गाडी डॅम्परशिवायही वॉबल न करता चालायला हवी, हा माझा निकष आहे. दुहेरी डॅम्पर विकणारा तुम्हाला दोष झाकून देतो, आणि झाकलेला दोष आतून वाढत राहतो.

> सावध: बॉल जॉइंट आणि टाय रॉडच्या नटांमधली कॉटर पिन पुन्हा वापरू नका. भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही.

## ११. चाचणी

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, रहदारी नसलेल्या रस्त्यावर, तीस मैलांपासून सुरू करा. दहा-दहा मैलांनी चढा. पायरी २ मध्ये लिहून ठेवलेला कागद सोबत घ्या आणि तोच रस्ता, तोच पूल, तोच वेग धरा. स्टेअरिंग हातात सैलसर धरा पण सोडू नका. सगळं ठीक वाटलं तर दुसऱ्या दिवशी ट्रेलरसकट, आधी कमी वेगाने.

चाकं काढली असतील तर शंभर मैलांच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळून बघा. त्याच वेळी खाली वाकून ट्रॅक बारच्या दोन्ही बोल्टवर ओढलेली पांढरी रेघ बघा. माझ्या ट्रकवर ती अजून आहे. दर तेल बदलताना बॅटरी मारतो, रेघ अखंड दिसली की उठतो.